मदतीच्या पोस्टरवरचा क्यूआर कुणाच्या नावावर आहे, ते आधी बघा

सोलापुरात चांगल्या कामासाठी सोशल मीडियावरून वर्गणी मागणाऱ्या सगळ्यांनी हे वाचावं. आमच्या अभ्यासिकेसाठी लोकांनी दिलेले 83,751 रुपये एका भामट्यानं खाल्ले. त्याआधी प्रमोशनच्या नावाखाली आमच्याकडून 20,500 घेतले होते. एकूण 1,04,251. चारचौघांत सांगायची लाज वाटते म्हणून गप्प होते. पण आता दुसऱ्या एका संस्थेच्या पोस्टवर त्याच धाटणीचं पोस्टर आणि तीच भाषा दिसली, मग राहवलं नाही.

पूर्व भागात आम्ही विडी कामगार बायकांच्या मुलींसाठी अभ्यासिका चालवतो. एका खोलीचं घर, आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळतेय, सगळीकडे तंबाखूचा खकाणा. तिथं दहावीची पोरगी कुठं बसून वाचणार? अभ्यासिकेचे पत्रे गळायला लागले. पत्रे, वायरिंग, बाकं मिळून 2,40,000 चा अंदाज निघाला. व्हॉट्सअ‍ॅपवर ओळखीपाळखीत फिरवून 61,300 जमले आणि तिथंच अडकलं. पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेल्या सोलापूरकरांपर्यंत पोचायचं तर पेजशिवाय पर्याय नव्हता, म्हणून पेज काढलं.

मग याचा मेसेज आला. गड्ड्याच्या यात्रेचे, खाण्यापिण्याचे रील टाकणारं मोठं पेज चालवतो म्हणाला. पेजला ब्लू टिकही होती. (ती आता महिन्याला पैसे भरून मिळते, त्यावर विश्वास ठेवू नका.) "ताई, धर्माचं काम आहे, माझं काय घेत नाही ओ, फक्त जाहिरातीचा खर्च द्या." रीलचे 6,000 घेतले आणि रील खरंच करून दिला, चांगला होता. मग जाहिरातीचं बजेट म्हणून 14,500. मग जाहिरात चालवायला लागतं म्हणून पेजचं अ‍ॅडमिन मागितलं. दिलं.

त्यानंतर त्यानं नवं पोस्टर पाठवलं. फोटो आमच्या मुलींचा, संस्थेचं नाव आमचं, क्यूआर मात्र नवा. मी तो स्वतः स्कॅन करून बघितला. स्क्रीनवर संस्थेचं नाव आलं नाही, कुठल्यातरी अनोळखी माणसाचं आलं. ते नाव मी माझ्या डोळ्यांनी वाचलं. आजही झोपताना तेच आठवतं. त्याला लगेच विचारलं. म्हणाला, "ते पेमेंट गेटवेचं नोडल खातं, म्हणजे मधलं खातं आहे ताई. एकदम शंभर जणांनी पैसे टाकले की तुमच्या साध्या खात्याला लिमिट लागतं. संध्याकाळी सगळं तुमच्याकडं सेटल होतं, ऐंशी-जीची पावती पण आपोआप जाते." (ऐंशी-जी म्हणजे देणगीवर मिळणारी आयकराची सवलत.) आणि संध्याकाळी खरंच 4,200 आले. दुसऱ्या दिवशी 3,850. खात्यात पैसे जमा होताना दिसत असतील तर संशय कोण घेईल? आमच्यातले एक काका बँकेतून रिटायर झालेले, त्यांनाही ते पटलं. त्यामुळं "एवढंसुद्धा कळलं नाही का" असं ज्यांना विचारायचंय त्यांनी आधी त्या जागी स्वतःला ठेवून बघावं. ते 8,050 रुपये म्हणजे गळाला लावलेलं आमिष होतं.

तिसऱ्या संध्याकाळी सर्व्हर डाऊन. मग फोन बंद. मग आमच्याच पेजवरून आम्हाला काढून टाकलं, आणि खाली कुणी "पावती आली नाही" असं लिहिलं की ते पुसलं जायचं. देणाऱ्यांनी आम्हाला पाठवलेले स्क्रीनशॉट जोडले तर बेरीज 91,801 झाली. विड्या वळणाऱ्या बायकांनी नातेवाइकांकडून टाकायला लावलेले 51 आणि 101 रुपयेही त्यात आहेत.

आता ज्यांच्या भरवशावर आपण बसतो त्यांचं ऐका. पोलीस ठाण्यात गेलो तर सायबरकडं जा. सायबरवाले म्हणाले, तुमच्या खात्यातून गेले ते 20,500, तेवढीच तुमची तक्रार. बाकीचे ज्यांचे गेले त्यांनी ज्याची त्यानं करावी. म्हणजे 101 रुपये देणाऱ्या बाईनं एक दिवसाची मजुरी बुडवून तक्रार लिहीत बसायचं! आमच्या संस्थेचं नाव, आमच्या मुलींचे चेहरे वापरून लुटलं, ते कुणाच्या हिशेबात धरायचं? एकानं तर "खातं परराज्यातलं आहे, हद्द आमची नाही" असं तोंडावर सांगितलं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यायलाच लागते. हे मी तिथंच म्हटलं तर "मॅडम, तुम्ही वकील आहात का?" बँकेनं सांगितलं, पिन तुम्हीच टाकलाय, आमची जबाबदारी नाही. पेज ज्या कंपनीचं, तिथं बोलायला माणूसच नाही. तक्रार केली तर उत्तर आलं की या पेजवर नियमाविरुद्ध काही आढळलं नाही. चोर आमच्या घरात बसलाय आणि कुलूप बदललेलं आम्हालाच दाखवतात. आणि एका साहेबांनी वर ऐकवलं, "देणगी मागायचीच कशाला, सरकारी योजना आहेत की." योजनेचा अर्ज घेऊन आम्ही कुठं कुठं फिरलो ते त्यांना काय माहीत.

अ‍ॅडमिन कुणालाही देऊ नका, सख्ख्या भाच्यालाही नाही. जाहिरात चालवण्यापुरते मर्यादित अधिकार देता येतात, पूर्ण ताबा लागत नाही. पिन टाकायच्या आधी जे नाव दिसतं ते संस्थेचं नसेल तर तिथंच थांबा, समोरचा काहीही सांगू दे. खासगी माणसाच्या खात्यात गेलेल्या पैशाला ऐंशी-जीची सवलत मिळत नाही. खातं धर्मादाय आयुक्तांकडं नोंदलेल्या संस्थेच्याच नावाचं असू द्या आणि क्यूआर अभ्यासिकेच्या, देवळाच्या, दवाखान्याच्या भिंतीवर छापून लावा, म्हणजे लोकांना पडताळता येईल. मुलांचे फोटो टाकताना दहा वेळा विचार करा. आमच्या मुलींचे फोटो अजून त्या पेजवर आहेत.

आणि आमच्या पोस्टरवरून ज्यांनी पैसे भरले त्यांना हात जोडून सांगते: रक्कम 51 असली तरी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा, किंवा सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार टाका. व्यवहाराचा यूटीआर नंबर (त्या व्यवहाराचा स्वतःचा क्रमांक) अ‍ॅपमध्ये दिसतो, तो द्या. जितक्या लवकर कराल तितकी पुढच्या खात्यात पैसे जायच्या आत ते गोठवले जाण्याची शक्यता जास्त. आमच्या एकट्या तक्रारीत ते खातं 20,500 चं दिसतं. तुमच्या सगळ्यांच्या तक्रारी त्याच खात्यावर लागल्या तर "हद्द आमची नाही" म्हणणं त्यांना जड जाईल.