एजंट शोधायचा की सिनेमा स्वतःच काढायचा?

लॉस एंजेलिसमध्ये पटकथा घेऊन उभ्या असलेल्या माणसाला हा प्रश्न पडतोच. उत्तराआधी लेखक आणि एजन्सींमधलं २०१९ चं भांडण समजून घ्यायला हवं.

एजंटने लेखकाच्या कमाईतले १० टक्के घ्यायचे, हा तिथला जुना रिवाज. लेखकाचं मानधन वाढलं की एजंटचंही वाढतं, म्हणून तो जीव तोडून घासाघीस करतो. टीव्हीत मात्र मोठ्या एजन्सी आपल्याकडचे लेखक, दिग्दर्शक, नट एकत्र बांधून स्टुडिओला देत आणि कमिशन सोडून स्टुडिओकडूनच पॅकेजिंग फी घेत. नेहमीचा हिशेब असा: लायसन्स फीचे (मालिकेसाठी वाहिनी स्टुडिओला देते त्या रकमेचे) ३ टक्के लगेच, ३ टक्के मागाहून, शिवाय नफ्यात १० टक्के. लेखकाला कमी मिळालं तरी एजन्सीचं काही अडत नसे. त्यात काहींनी स्वतःच्या निर्मिती संस्थाही काढल्या. लेखकाचा वकील आणि मालक एकच झाला! एप्रिल २०१९ मध्ये रायटर्स गिल्ड या लेखकांच्या संघटनेच्या सात हजारांहून जास्त सदस्यांनी एजंट सोडले, ते मला आजही योग्य वाटतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये डब्ल्यूएमई या शेवटच्या बड्या एजन्सीने गिल्डच्या करारावर सही केली आणि चारही बड्या एजन्सी वाकल्या. ३० जून २०२२ नंतर पॅकेजिंग बंद, निर्मिती संस्थेत एजन्सीचा वाटा जास्तीत जास्त २० टक्के.

म्हणजे आजचा एजंट तेव्हापेक्षा नक्कीच बरा. पण नवख्याची पटकथा तो सहसा उघडतच नाही. लेखकाच्या कारकिर्दीकडे बघणारा मॅनेजर लवकर भेटतो, १० ते १५ टक्के घेतो, आणि पुष्कळदा तुमच्याच सिनेमाचा निर्माता व्हायला बघतो. पॅकेजिंगचा जुना पेच इथे पुन्हा डोकावतो, तेव्हा हे आधीच लेखी ठरवा.

स्वतःच्या सिनेमात संहिता तुमची राहते. स्टुडिओसाठी नोकरीत लिहिलेल्या पटकथेचा कॉपीराइट स्टुडिओकडे जातो. पण इथे पैसा तुम्हीच उभा करायचा, आणि गुंतवणूकदाराचं वसूल होईपर्यंत तुमच्या हाती बहुधा काही लागत नाही. दिग्दर्शक रॉबर्ट रॉड्रिगेझने ‘एल मारियाची’ हा आपला पहिला सिनेमा सुमारे ७,००० डॉलरमध्ये चित्रित केला. त्यातला काही पैसा त्याने औषधचाचणीत स्वतःचं शरीर देऊन मिळवला होता. प्रदर्शनाआधी कोलंबिया स्टुडिओने त्या सिनेमावर या रकमेच्या कितीतरी पट खर्च केला, हे सांगायचं लोक विसरतात. आणि हेही, की तो सिनेमा पाहून आधी एजंट मिळाला, मग कोलंबिया आली.

माझं मत सांगते. टीव्हीच्या रायटर्स रूममध्ये, म्हणजे मालिका एकत्र बसून लिहिणाऱ्या लेखकांच्या गटात, शिरायचं असेल तर एजंट किंवा मॅनेजरशिवाय फार कठीण; त्यांच्याच मागे लागा. चार पात्रं, दोन घरं एवढ्यात मावणारी गोष्ट असेल तर थांबू नका, काढा. फक्त सिनेमासाठी कंपनी काढताना पटकथा तिला फुकट देऊन मोकळे होऊ नका. ठरल्या मुदतीत चित्रीकरण सुरू झालं नाही तर हक्क लेखकाकडे परत येतील, हे कलम घाला. भागीदार सख्खा मित्र असला तरीही.