दापोलीच्या पावसाळ्यात इन्व्हर्टर: ९०० व्हीए, सोबत १५० एएचची ट्यूब्युलर बॅटरी

आमच्याकडे लाइट जायला निमित्त पुरतं. झावळी तारेवर पडली, डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरच्या पेटीवर) फ्यूज उडाला, गेली. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात तर खांबच आडवे झाले आणि तालुक्यातल्या कित्येक वाड्या दिवसच्या दिवस अंधारात राहिल्या. त्यानंतर आम्ही हा इन्व्हर्टर-बॅटरीचा जोड घेतला. व्हीए म्हणजे इन्व्हर्टर एका वेळी किती भार पेलतो ते, एएच (अँपिअर-तास) म्हणजे बॅटरीत किती वीज मावते ते, आणि ट्यूब्युलर म्हणजे आत नळीदार प्लेटा असलेली बॅटरी. साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या लाइटसारखीच गुळगुळीत लहर देणारा घ्या, स्वस्तातल्या स्क्वेअर वेव्हवर पंखे घूं घूं करतात.

दुकानदार म्हणाला, ‘आठ तास आरामात.’ बॅटरीचे १२ व्होल्ट गुणिले १५० एएच म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. पण इन्व्हर्टर स्वतः थोडं खातो, आणि बॅटरी तळाला जाऊ द्यायची नसते. हाती हजार-बाराशे धरा. ७५ वॅटचे दोन जुने पंखे, चार एलईडी आणि वायफाय मिळून दोनशे वॅट होतात, म्हणजे पाच-सहा तास. पंखे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचे) घेतले तर हाच भार जवळपास निम्म्यावर येतो. सासूबाईंचा नेब्युलायझर (औषधाची वाफ देणारं यंत्र) रात्री-बेरात्री लावता येतो, माझ्या दृष्टीने तेवढ्यावरच पैसे वसूल.

पैकीच्या पैकी मार्क मात्र यंत्राला नाहीत, बसवायला आलेल्या वायरमनला आहेत. मी जागा दाखवली देवघराशेजारच्या कोनाड्यात. तो म्हणाला, “वहिनी, समईजवळ बॅटरी नको. चार्ज होताना हायड्रोजन सुटतो.” शेवटी बॅटरी मागच्या पडवीत, हवेशीर पण पावसाची झड न येणाऱ्या कोपऱ्यात गेली. फ्रिज, मिक्सर आणि पंप त्याने इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतलेच नाहीत. मेनच्या पेटीवर लाल अक्षरांत लिहून गेला: ‘मेन बंद केला तरी करंट आहे, आधी इन्व्हर्टर बंद करा.’ घरातली पोरंसुद्धा आता ते वाचल्याशिवाय बल्बला हात लावत नाहीत.

काही घरांत अजून जनरेटरची वायर भिंतीच्या प्लगात थेट खुपसतात. तो करंट डीपीतून उलटा मुख्य तारेवर चढतो आणि वर खांबावर लाइनमन काम करत असतो! शिवाय पाऊस लागतो म्हणून जनरेटर पडवीत ओढतात. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो, झोपेत कळणारही नाही. हे शेजारी ऐकत नाहीत, म्हणून इथे लिहिलं.

कुरकुर दोन गोष्टींची. खाऱ्या हवेने टर्मिनलवर हिरवट-पांढरी पूड धरते. ती पुसून पेट्रोलियम जेली लावावी लागते, आणि बॅटरीतल्या पाण्याची पातळी दाखवणारा तरंगता दांडा खाली गेला की डिस्टिल्ड वॉटर घालावं लागतं, नळाचं नाही. दुसरं, सर्व्हिसवाला पावसात ‘उद्या येतो’वरच असतो.

आणि वादळाचं म्हणाल तर पहिल्या रात्रीनंतर हा नुसता डबा आहे. लाइट आल्याशिवाय चार्जिंग नाही. म्हणून सौर पट्टी असलेला छोटा कंदील आणि भरलेली पॉवर बँक वेगळी ठेवते. तुटलेली तार दिसली तर काठीनेही सरकवायला जाऊ नका. लांब राहा, पोरांना-गुरांना तिकडे फिरकू देऊ नका आणि १९१२ या वीज-तक्रारीच्या नंबरवर कळवा.

एकंदर पाचपैकी चार. घ्यायचा असेल तर मृग लागायच्या आत बसवून घ्या, जूनमध्ये वायरमन फोन उचलत नाहीत.