पिकअप आणि त्याच्या पाठीवरचा कॅम्पर: १४ महिन्यांच्या वापरानंतर

पिकअप घेऊन तीन वर्षं झाली आणि त्याच्या हौद्यात कॅम्पर, म्हणजे पलंग, शेगडी, सिंक असलेली राहायची छोटी खोली, बसवून १४ महिने. या १४ महिन्यांत साधारण १९ हजार किलोमीटर फिरलो, ऐंशीहून जास्त रात्री कॅम्परमध्ये काढल्या. गाडीला ऑइल, फिल्टर आणि वायपरची एक जोडी एवढंच लागलं. कॅम्परच्या दुरुस्त्यांची वही मात्र अकराव्या पानावर आली आहे. दोघंही त्याच खड्ड्यांतून गेले, त्याच पावसात भिजले. मग फरक एवढा का, हे मला एका दिव्याच्या मागे कळलं.

गाडीच्या टपावर पलंगाचा जो भाग पुढे झुकलेला असतो, त्याच्या कपाळावर पाच छोटे मार्कर दिवे, म्हणजे रात्री गाडीची उंची-रुंदी दाखवणारे दिवे, असतात. सहाव्या महिन्यात रात्रभर पावसात गाडी चालवली आणि सकाळी गादीच्या कोपऱ्यातून ओलसर वास आला. गादी उचलली तर खालचं प्लायवुड काळं पडलेलं, अंगठ्याने दाबलं तर आत गेलं. बाहेरून डावीकडचा दुसरा दिवा उघडला. मागचं सीलंट, म्हणजे फटीतून पाणी शिरू न देणारा लेप, वाळून भुगा झालेलं. दोन स्क्रूंपैकी एकच लाकडात धरलेला होता. दुसरा सांगाड्याची आतली लाकडी पट्टी चुकून बोटभर बाजूला, नुसता फोममध्ये अडकलेला. वायरीसाठी पाडलेलं भोक दिव्याच्या कडेबाहेर डोकावत होतं. वेगात गाडी चालते तेव्हा वारा पाऊस नेमका तिथेच दाबतो. सहा महिने पाणी त्या वाटेने आत जात होतं आणि आम्ही त्याच्याखाली झोपत होतो. त्या दिवशी फार वाईट वाटलं.

ते भोक पाडणाऱ्या कारागिराला मी दोष देत नाही. पट्टी कुठे आहे हे बाहेरून दिसत नाही, तो अंदाजाने ड्रिल लावतो. गाडीच्या बाबतीत अंदाजाला जागाच नसते. पत्रा डायमध्ये, म्हणजे साच्यात, दाबून निघतो, रोबो हजारो स्पॉट वेल्ड, म्हणजे ठिपक्याएवढे वेल्डिंगचे जोड, ठरलेल्या जागीच मारतो, मग सगळी बॉडी प्रायमरच्या टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने लेप चढवतात, म्हणजे घड्यांच्या आतही गंजाला वाव राहत नाही. फोर्डने २०१५ च्या मॉडेलपासून एफ-१५० या पिकअपची बॉडी ॲल्युमिनियमची केली, तेव्हा पत्र्याबरोबर जोडणीची पद्धतही बदलली; स्पॉट वेल्डऐवजी मुख्यतः रिव्हेट आणि चिकटद्रव्य आलं. लाखोंनी गाड्या विकायच्या असतील तर एका सांध्याचा एवढा विचार परवडतो, नव्हे, करावाच लागतो. सांधा चुकला तर लाखो गाड्या परत बोलवाव्या लागतात.

कॅम्पर लहान कारखान्यात, बराचसा हाताने बनतो. लाकडी पट्ट्यांचा किंवा ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा, त्यात फोम, आतून पातळ प्लायवुड, बाहेरून फायबरग्लासचा पत्रा. फ्रिज, शेगडी, पंप, खिडक्या सगळं बाहेरून आणून बसवलेलं. आणि प्रत्येक वस्तूसाठी एक भोक. माझ्या कॅम्परच्या छपरावर मी मोजली, नऊ निघाली. पिकअपच्या टपावर एकच आहे, अँटेनाचं. त्यात पिकअपची चासी खडबडीत रस्त्यावर पिळली जाते, तशी ती मुद्दामच केलेली असते. वरच्या खोक्याला तो पीळ सोसत नाही, त्यामुळे आधी कोपऱ्यांवरचे सांधे उघडतात.

बाकीच्या तक्रारी थोडक्यात. सिंकखालच्या पाइपचं फिटिंग हाताने फिरेल इतकं सैल होतं. दोन ड्रॉवरच्या कड्या तुटल्या. दाराची चौकट किंचित तिरकी, म्हणून रबर एका बाजूला दाबलंच जात नाही. ही कामं घरच्या घरी होतात.

वजनाकडे मात्र गंभीरपणे बघा. माहितीपत्रकात माझ्या कॅम्परचं वजन १०५० किलो आहे, ते रिकाम्याचं. पाणी, गॅस, बॅटरी, भांडी, कपडे भरून काट्यावर नेला तर १३८० भरलं. गाडीच्या दाराच्या चौकटीवर भारक्षमतेचा स्टिकर असतो. त्यातून माणसांचं वजन वजा करून जे उरतं त्याची तुलना या भरलेल्या आकड्याशी करायची. कॅम्परचा गुरुत्वमध्य गाडीच्या मागच्या एक्सलच्या थोडा पुढे आला पाहिजे. बांधायच्या साखळ्या हौद्याच्या पत्र्याला न लावता चासीला लावल्या, हा माझा सगळ्यात चांगला निर्णय. हौद्यात जाड रबरी मॅट टाकली, कॅम्पर तसूभर सरकलेला नाही.

दुरुस्तीचं सांगायचं तर पाचही दिवे काढले, जुना सीलंट प्लास्टिकच्या पातीने खरवडला, कुजलेलं प्लायवुड कापून नवं बसवलं, ब्युटाइल टेपवर, म्हणजे पाणी अडवणाऱ्या चिकट रबरी पट्टीवर, दिवे परत लावले. सिलिकॉन वापरू नका. ते सुटायला लागलं की त्या जागी दुसरं काही चिकटत नाही. छपराचे सगळे सांधे दर सहा महिन्यांनी बघतो. वॉरंटी एक वर्षाची होती, आणि सीलंटची देखभाल मालकाने करायची हे त्यात बारीक अक्षरात लिहिलेलं होतं.

एवढं होऊनही कॅम्पर विकायचा विचार मनात आलेला नाही. थंडीत आत ऊब टिकते, झोप शांत लागते, वाटेल तिथे थांबता येतं. पुन्हा घ्यायची वेळ आली तर बिगफूट किंवा नॉर्दर्न लाइट या कंपन्यांसारखा, साच्यात घडवलेल्या फायबरग्लासच्या दोन अर्ध्या भागांचा कॅम्पर बघेन, कारण त्यात मधला एकच मोठा सांधा असतो. खिडक्या-दिव्यांची भोकं त्यालाही असतातच. म्हणून घेण्याआधी ओलावामापक हातात धरून पलंगाचे चारही कोपरे तपासेन, आणि मालकाची परवानगी असेल तर एक मार्कर दिवा उघडून मागे बघेन.