डाउनव्होटचं बटण ठेवावं का? शेतकऱ्यांचा ऑनलाइन गट काढणाऱ्यांसाठी

परभणी-हिंगोलीकडं शेतकऱ्यांचा नवा ऑनलाइन गट काढायचा म्हटलं की एक प्रश्न हमखास निघतो. लाइकच्या शेजारी डाउनव्होट, म्हणजे नापसंतीचं बटण, द्यायचं का? दोन्ही तऱ्हेच्या गटांत मी आहे, म्हणून जे पाहिलं ते सांगतो.

आधी बटण नसलेला गट. ऑगस्टात एकानं सोयाबीनचा फोटो टाकला. वरची कोवळी पानं पिवळी, पण शिरा हिरव्यागार. ही लोहाची कमतरता, आपल्या चुनखडीच्या रानात नेहमीची. पहिला सल्ला मात्र आला, "मोझॅक आहे, पांढऱ्या माशीचं औषध मारा." मोझॅक म्हणजे या माशीनं पसरणारा विषाणूचा रोग. त्यावर लाइकचा पाऊस. फेरस सल्फेट फवारा म्हणणारं उत्तर कुठल्या कुठं खाली राहिलं. चूक कळणारे पाच-सहा जण होते, पण उघड वाद कशाला घालायचा म्हणून गप्प बसले. त्या भावाचे औषधाचे पैसे पाण्यात गेले. गुपचूप "हे चुकीचं आहे" म्हणायची सोय असती, तर हे टळलं असतं.

आता बटण असलेला गट. एका ताईनं लिहिलं, "मायी तूर उभी वाळायली, काय करावं?" फोटो नव्हता, गावाचं नाव नव्हतं. तासाभरात नऊ डाउनव्होट पडले आणि प्रश्न दिसेनासा झाला. खरं तर तूर अशी उभी वाळली की पहिला संशय मर रोगाचा. पुढच्या हंगामाला बदनापूरच्या संशोधन केंद्राचं बीएसएमआर 736 हे मरीला तग धरणारं वाण घ्या, एवढं कुणी सांगितलं असतं तरी पुष्कळ होतं. त्या ताई परत काही विचारायला आल्या नाहीत. हे मला आजही सलतं.

मोठ्यांनीही यावर डोकं घातलंय. यूट्यूबनं नोव्हेंबर 2021 मध्ये डिसलाइकचा आकडा लोकांपासून लपवला. बटण आहे, आकडा फक्त चॅनेलवाल्याला दिसतो. ठरवून होणारे हल्ले थांबावेत, हे त्यांचं कारण. छोट्या चॅनेलना त्यानं आधार मिळाला असेल, पण फसवा व्हिडिओ आकड्यावरून ओळखायची बघणाऱ्याची खूण गेली. मला स्टॅक ओव्हरफ्लोची, म्हणजे प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटची, रीत जास्त पटते. तिथं चांगल्या प्रश्न-उत्तरांना मिळणारे 125 गुण झाल्याशिवाय डाउनव्होट देताच येत नाही. उत्तराला दिलं तर उत्तर देणाऱ्याचे 2 गुण जातात आणि देणाऱ्याचा स्वतःचाही 1 जातो. स्वतःच्या पदरचं जातं म्हटल्यावर माणूस विचार करून बोट लावतो.

गावात दारूबंदीचं मतदान होतं तेव्हा उभी बाटली की आडवी, हे मतदारांना विचारतात आणि किती मतांनी दुकान बंद होणार हे आधीच ठरलेलं असतं. डाउनव्होटला असा उंबरठा बहुतेक गटांत नसतो. चार दोस्त मिळाले की एखाद्याचं बोलणं बुडवता येतं. दुकानदारांची टोळी असेल तर विचारूच नका.

म्हणून गट सल्ल्याचा असेल तर बटण द्या, पण फक्त उत्तरांना. प्रश्नाला कधीच नको. सोबत कारण निवडायला लावा: मात्रा चुकली, रोग चुकीचा ओळखला, जाहिरात आहे. शिवीगाळीसाठी तक्रारीची वाट वेगळी ठेवा, ती डाउनव्होटात मिसळू नका. गट बैलजोडीचे फोटो, कविता, सुखदुःख सांगायचा असेल, तर लाइक पुरे. आणि फोटो नसलेला प्रश्न आला, तर खाली आपोआप एवढंच येऊ द्या: "ताई-दादा, पानाचा एक फोटो टाकता का?"