टबॅकची नवी वडी: जुन्या साबणाचा फॉर्म्युला बदलतो तेव्हा

टबॅक ओरिजिनल या दाढीच्या साबणाचा वाडगा तोच आहे, 125 ग्रॅमची वडीही तीच. बदल झालाय तो मागच्या बारीक अक्षरांतल्या पहिल्याच ओळीत. जर्मनीतल्या श्टोलबर्गच्या मॉयरर उंड विर्ट्झ कंपनीने टबॅक हा सुगंध 1959 मध्ये बाजारात आणला. त्याच्या दाढीच्या साबणात वर्षानुवर्षं ‘पोटॅशियम टॅलोएट’ आघाडीवर असायचं, म्हणजे जनावराच्या चरबीचा पोटॅशने (पोटॅशियम हायड्रॉक्साइडने) केलेला साबण. या दशकाच्या सुरुवातीला चरबी गेली आणि तिच्या जागी वनस्पतिजन्य घटक आले. तेव्हापासून या साबणाबद्दल दोनच मतं ऐकू येतात: एक म्हणजे ‘वाट लावली’ आणि दुसरं ‘काही फरक नाही’. दोन्ही अर्धवट आहेत.

निकाल आधीच सांगतो. फेसाच्या बाबतीत नवी वडी जुनीच्या अगदी जवळ जाते, पण पाण्याचं गणित वेगळं ठेवावं लागतं. दाढीनंतर गालाला जो मऊपणा जाणवायचा, तो थोडा उणा पडतो. चामडी कोरडी असलेल्यांना हे पहिल्याच आठवड्यात कळेल, तेलकट चामडीवाल्यांना कदाचित कधीच नाही.

आता चरबी गेली म्हणून नेमकं काय गेलं ते बघू. गाईच्या चरबीत साधारण 25 टक्के पामिटिक, 20 टक्के स्टिअरिक आणि 40 टक्क्यांच्या आसपास ओलेइक आम्ल असतं. पाम तेलात पामिटिक 44 टक्क्यांपर्यंत, ओलेइक जवळपास चरबीइतकंच, पण स्टिअरिक जेमतेम 4-5 टक्के. दाढीच्या फेसाला दाटपणा आणि टिकाऊपणा देतं ते मुख्यतः स्टिअरिक. म्हणून पाम वापरणारा उत्पादक वरून वेगळं स्टिअरिक आम्ल घालतो. ते योग्य मापात घातलं तर चरबीच्या साबणाशी जवळजवळ बरोबरी होते. टॅलोमध्ये, म्हणजे जनावराच्या चरबीत, काही जादू आहे असं मानणाऱ्यांनी हे आकडे एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. चरबीच्या साबणातही उत्तम दाढी देणारे बहुतेक उत्पादक वरून स्टिअरिक घालतच होते.

खरा घोळ ग्लिसरीनपाशी होतो. चरबी किंवा तेलाला लाय, म्हणजे कॉस्टिक सोडा किंवा पोटॅश, लावून साबण केला की त्यातच वजनाने साधारण दहा टक्के ग्लिसरीन सुटतं आणि साबणात राहतं. पण कारखान्यात तयार स्टिअरिक आणि पामिटिक आम्लं आणून त्यांना सरळ पोटॅशने उदासीन केलं, तर ग्लिसरीन अजिबात तयार होत नाही. ते बाहेरून घालावं लागतं, आणि किती घालायचं हे फॉर्म्युला बनवणारा ठरवतो. दाढीनंतर चामडी ओढल्यासारखी वाटते, अशी तक्रार नव्या साबणांबद्दल येते तेव्हा पहिला संशय चरबीवर न घेता इथे घ्यावा. लेबलवर ‘ग्लिसरीन’ कितव्या जागी आहे ते बघा. एक टक्क्याहून जास्त असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात, त्याखालचे कसेही लिहिले तरी चालतात. म्हणजे ग्लिसरीन अत्तराच्याही मागे गेलेलं दिसलं तर फारशी आशा ठेवू नका.

लेबल वाचताना आणखी एक सापळा आहे. एक कंपनी कढईत काय घातलं ते लिहिते: स्टिअरिक आम्ल, पाणी, खोबरेल तेल, पोटॅशियम हायड्रॉक्साइड. दुसरी कढईतून काय निघालं ते लिहिते: पोटॅशियम स्टिअरेट, पोटॅशियम कोकोएट. साबण एकच असू शकतो. त्यामुळे नवं लेबल जुन्यापेक्षा वेगळं दिसलं म्हणजे फॉर्म्युला बदललाच, असं होत नाही. उलट लेबल अक्षरशः तेच राहून आतलं प्रमाण सरकलेलं असू शकतं, आणि तो बदल कुठल्याच कागदावर सापडत नाही. शाकाहारी साबण हवा असलेल्यांसाठीही हीच अडचण: ‘टॅलोएट’ म्हणजे चरबी हे नक्की, पण ‘स्टिअरेट’ या शब्दावरून स्टिअरिक जनावराचं की झाडाचं ते ओळखता येत नाही. पाकिटावर तसं स्पष्ट छापलेलं असेल तरच खात्री.

सोडा आणि पोटॅश यांचं प्रमाण हा तिसरा, आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित मुद्दा. पोटॅशचा साबण मऊ असतो आणि पाण्यात पटकन विरघळतो. सोड्याचा कडक असतो आणि हळू विरघळतो. कडक वडीला आकार धरायला थोडा सोडा लागतोच. पण वडी जास्त टणक, झिजायला हळू, साच्यातून काढायला सोपी करायच्या नादात सोडा वाढवला की ब्रशवर साबण चढायला वेळ लागतो. वापरणारा मात्र नेहमीचेच वीस सेकंद ब्रश फिरवतो, त्यात अर्धाच साबण येतो, आणि फेस गालावर पोचेपर्यंत बसतो. दोष ‘फेस टिकत नाही’ असा सांगितला जातो, प्रत्यक्षात साबणच कमी आलेला असतो.

म्हणून जुनी आणि नवी वडी ताडून बघायची तर वजनावर बघा. किसणीने किंवा चाकूने दोन्ही वड्यांचा दीड-दीड ग्रॅम कीस काढा. ब्रश एकच, तोही शक्यतो सिंथेटिक. डुकराच्या किंवा बॅजरच्या केसांचा ब्रश पाणी धरून ठेवतो आणि मोजमाप बिघडवतो. ब्रश भिजवून झटकून घ्या. वाटीत कीस आणि 5 मिलि डिस्टिल्ड पाणी घालून अर्धा मिनिट घोटा, मग सुईशिवायच्या सिरिंजने एकेक मिलि पाणी घालत दर वेळी दहा-पंधरा सेकंद घोटत जा. सुरुवातीला फेस निस्तेज, पिठल्यासारखा आणि टोकं उभी राहणारा असतो. पाणी पुरेसं झालं की टोकं वाकतात आणि पृष्ठभागावर दह्याच्या सायीसारखी चमक येते. त्यानंतर डोळ्यांना दिसणारे बुडबुडे येऊ लागले की मर्यादा ओलांडली. चमक कितव्या मिलिला आली आणि बुडबुडे कितव्याला, हे दोन आकडे लिहून ठेवा. त्यांतलं अंतर म्हणजे त्या साबणाचा क्षमाशीलपणा. ज्या साबणात हे अंतर एखाद्या मिलिवर येतं, तो घाईच्या सकाळी दगा देणारच.

मग दोन्ही फेस मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाच मिनिटं सोडा. कडेने सुकून पापुद्रा धरणारा फेस कोणता ते दिसेल. शेवटी फेस बोटाने पुसून टाका आणि त्याच जागी ओलं बोट फिरवा. फेस निघाल्यावरही जी निसरड उरते, तीच रेझरला दुसऱ्यांदा त्याच जागेवरून नेताना वाचवते. टबॅकच्या बाबतीत नव्या वडीला चमक येण्याआधी थोडं जास्त पाणी आणि जास्त घोटणं द्यावं लागतं. जुनी वडी कमी पाण्यातही सांभाळून घ्यायची. उरणारी निसरड जवळपास सारखी आहे.

ही सगळी कसरत डिस्टिल्ड पाण्याने एकदा झाली की नळाच्या पाण्याने पुन्हा करावी, कारण इथे चौथा बदल उघडा पडतो. जड पाण्यातलं कॅल्शियम स्टिअरिकला धरून न विरघळणारा कॅल्शियम साबण बनवतं. एका लिटरमध्ये 200 मिलिग्रॅम जडपणा असलेलं पाणी 15 मिलि घेतलं तर त्यात दीड ग्रॅम साबणापैकी फार तर वीसेक मिलिग्रॅम वाया जातो. ऐकायला नगण्य वाटतं. पण तो कॅल्शियम साबण स्वतःच फेस मोडतो, आणि ब्रशच्या बुडाशी साठून रोज थोडा थोडा वाढतो. म्हणून उत्पादक ईडीटीएसारखा, कॅल्शियमला बांधून ठेवणारा घटक अगदी थोड्या प्रमाणात घालतात. फॉर्म्युला ‘स्वच्छ’ करताना तो काढला किंवा दुबळा पर्याय घातला, तर मऊ पाण्याच्या गावात कुणाला काही कळत नाही आणि जड पाण्याच्या गावात शिव्या पडतात. एकाच साबणाबद्दल टोकाची उलटसुलट मतं दिसतात त्याचं हे मोठं कारण. डिस्टिल्ड पाण्यात चांगला आणि नळाच्या पाण्यात वाईट, असा निकाल आला तर साबण बदलायच्या आधी ब्रश पातळ व्हिनेगरमध्ये दहा मिनिटं बुडवून धुऊन पाहा.

सुगंधाचं दुखणं वेगळं, आणि तिथे कंपन्यांना दोष देण्यात फारसा अर्थ नाही. दाढीच्या साबणाचा तो परिचित वास म्हणजे फुजेर कुळातला: लॅव्हेंडर, सुक्या गवतासारख्या वासाचं कुमारिन आणि ओकमॉस. उबिगाँ या फ्रेंच कंपनीच्या ‘फुजेर रुआयाल’ अत्तरापासून, म्हणजे 1882 पासून हे त्रिकूट चालत आलं आहे. ओकमॉस म्हणजे ओकच्या सालीवर वाढणारं, आपल्या दगडफुलाच्या जातकुळीतलं लायकेन. त्यातले अॅट्रानॉल आणि क्लोरोअॅट्रानॉल हे घटक चामडीला अॅलर्जी आणतात म्हणून युरोपीय संघाने त्यांच्यावर बंदी घातली. लायरल हा फुलासारख्या वासाचा रेणूही त्याच नियमात गेला. नवी उत्पादनं 23 ऑगस्ट 2019 पासून आणि उरलेला साठा 23 ऑगस्ट 2021 पासून बाजारातून बाद झाला. पाठोपाठ 1 मार्च 2022 पासून लिलिआल हा सुगंधी रेणूही बंद. आता ओकमॉस वापरायचं तर ते दोन घटक काढून टाकलेलंच वापरावं लागतं, आणि त्यात तळाचा तो ओलसर, मातकट भाग पातळ होतो. डबीवर नाव तेच राहतं. सुगंधासाठीच एखादा साबण घेत असाल तर 2022 नंतरची डबी आधी हुंगून घ्या, आठवणीवर भरोसा ठेवू नका.

दाढीच्या इतर दोन साबणांबद्दल थोडक्यात. प्रोरासोच्या फॉर्म्युल्यातून पॅराबेन गेल्याची बरीच ओरड झाली, पण पॅराबेन हे साबण टिकवणारं रसायन आहे, फेसाशी त्याचा संबंध नाही. मऊ साबणाच्या डबीत पाणी साचू दिलं नाही म्हणजे झालं. मिचेल्स वूल फॅटमध्ये लोकरीतून निघणारं लॅनोलिन आहे. ते फेस दाबतं, म्हणून हा साबण मुळातच हट्टी. वडीवर कोमट पाण्याचा चमचा घालून दोन-तीन मिनिटं थांबणं आणि ब्रश पूर्ण एक मिनिट फिरवणं, हे त्याला फॉर्म्युला कोणताही असो लागतंच. ‘नवीन वूल फॅटला फेस येत नाही’ म्हणणाऱ्यांपैकी किती जण इतका वेळ देतात, कोण जाणे.

जुना साठा शोधून दुप्पट पैसे मोजावेत का? टबॅकसाठी तरी नाही, असं माझं मत. वर्षानुवर्षं कपाटात पडलेल्या वडीतलं पाणी उडालेलं असतं, म्हणून ती नव्यापेक्षा दाट आणि ‘जास्त साबणाची’ भासते, आणि तुलना तिथेच चुकते. सुगंधातले वरचे, लिंबासारखे हलके भाग आधी उडून जातात. चरबीतलं आणि तेलातलं असंतृप्त आम्ल हवेने खवट होऊन वडीवर नारिंगी ठिपकेही येऊ शकतात. घ्यायचीच असेल तर वेष्टन न फोडलेली घ्या, मागचे घटक वाचून ‘टॅलोएट’ पहिल्या दोन-तीन शब्दांत असल्याची खात्री करा. विक्रेत्याने दाखवलेला फोटो पुढच्या बाजूचाच असेल तर मागच्या बाजूचा मागा. कोरड्या चामडीवाल्यांनी तेच पैसे नवी वडी आणि एखादा साधा, बिनअल्कोहोलचा बाम यांवर घालावेत.