'नवी' काच आणि वाफेत उमटलेला चौकोन

गाडीची समोरची काच बदलून पंधरा दिवस झाले होते. पहाटे निघायचं होतं. बाहेर गारठा, आत मी, त्यामुळे समोरच्या काचेवर आतून वाफ धरली. वरच्या कोपऱ्यात मात्र एक चौकोन तसाच कोरडा राहिला, तळहातापेक्षा जरा लहान, आणि त्याच्या कडेला ब्लेडने खरवडल्याच्या बारीक रेघा. तिथे कधीतरी कुणीतरी स्टिकर लावला होता आणि कुणीतरी तो काढलाही होता. माझ्या 'खोक्यातून काढून थेट लावलेल्या' काचेवर!

गाडी बाबांची, १७ वर्षं जुनी. पुढच्या ट्रकच्या चाकाखालून खडा उडाला आणि काचेवर टिकलीएवढा टवका उडाला. तेव्हाच टवक्यात रेझिन, म्हणजे काच बुजवायचा पातळ चीक, भरून घेतलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं, पण मी आज-उद्या करत राहिले. एका दुपारी उन्हात तापलेल्या गाडीत एसी जोरात लावला आणि टवक्यापासून निघालेली चीर डोळ्यांदेखत हातभर पळाली.

जुन्या मॉडेलची काच म्हटल्यावर दोन ठिकाणी "मागवावी लागेल, वेळ लागेल" हेच ऐकलं. तिसऱ्या दुकानात मालक म्हणाला, "ताई, नशीब तुमचं. एक पीस पडून आहे माझ्याकडे. कंपनीचा, अगदी नवा." मी तिथेच पाघळले. भावही दुसरीकडच्यापेक्षा कमी होता, आणि वर मीच घासाघीस करून तो आणखी उतरवला. आगाऊ पैसे दिले, गाडी सोडली आणि निघून गेले. ही माझी सगळ्यात मोठी चूक. दोन तासांत फोन आला, "न्या ताई, झाली."

गाडीत बसल्या बसल्या आंबूस वास आला, व्हिनेगरसारखा. विचारलं तर म्हणाला, "नवीन कामाचा वास असतो, दोन दिवसांत जातो." आणि गेलाही. तो वास कशाचा, हे मला फार उशिरा कळलं.

रात्री समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे काचेवर पडले की कमानीसारख्या बारीक रेघा चमकायच्या. वायपर वर्षानुवर्षं फिरून पडतात तशा. मला वाटलं, माझाच चष्मा खराब झालाय. मग पहिला जोराचा पाऊस झाला आणि डॅशबोर्डच्या खालून पाणी टपकून मॅट भिजली. आणि नंतर ती पहाट.

दुकानात गेले तर सूरच बदललेला. "तुमच्या गाडीचा पत्राच गेलाय, त्याला आम्ही काय करणार? काचेला गॅरंटी नसते." जुनी काच मागितली, तर ती भंगारात गेली होती. बिलावर शब्द दोनच, 'काच काम'. काच कुठल्या मेकची, नवी की उतरवलेली, कशाने चिकटवली, एक अक्षर नाही. भांडणार तरी कशाच्या जोरावर? एक पैसा परत मिळाला नाही.

शेवटी ओळखीतून एका वयस्कर काकांकडे गेले. त्यांची पहिलीच अट, "शेजारी उभी राहा आणि बघ." त्यांनी आधी कोपऱ्यातला छाप दाखवला. गोलातला ई ही मान्यतेची खूण, आणि त्याशेजारी रोमन दोन, म्हणजे लॅमिनेटेड काच, दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पडदा असलेली. तेवढं ठीक होतं. पण खालच्या आकड्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "हा वर्षाचा शेवटचा आकडा असतो. यंदाचा आहे का हा?" नव्हता. मोडीत काढलेल्या कुठल्यातरी गाडीची काच मला नवी म्हणून विकली होती.

खरं सांगायचं तर काच जुनी निघाली याचं मला आता तेवढं वाटत नाही. न चरे पडलेली जुनी काच नीट बसवली तर चालते. खरी फसवणूक काचेच्या मागे होती. काकांनी कडेने पाते घातलं आणि डिंकाची वडी निघावी तशी चिकटवणाची लांबच लांब पट्टी सहज सोलून आली. सिलिकॉन! न्हाणीघराच्या फटीत भरतात तेच, आणि तो वास त्याचाच. या सिलिकॉनमधून सुटणाऱ्या आम्लाने उघडा पत्रा गंजतो. इथे खाली गंज आधीपासून होता, न घासता त्यावर काळा रंग मारलेला. शेजारी जुनी काच कापताना पात्याने ओरखडलेला पत्रा, त्यावर प्रायमरचा, म्हणजे चिकटवणाआधी लावायच्या अस्तराचा, थेंब नाही.

अशा गाड्यांत काच यूरेथेन नावाच्या मजबूत चिकटवणाने बसवतात, आणि ती नुसती वारा अडवायला नसते. गाडी उलटली तर छताला आधार देणाऱ्यांत तीही असते. शेजारच्या सीटची एअरबॅग फुगते तेव्हा तिला टेकायला हीच काच लागते. यूरेथेनला सुकायला वेळ द्यावा लागतो. कोणतं आहे, हवा किती गार, किती दमट, त्यावर तासाभरापासून दिवसभरापर्यंत, आणि तो वेळ सहसा त्याच्या नळीवर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात दिलेला असतो. माझ्या त्या दुकानदाराने किती वेळाने गाडी चालवायची हे सांगितलंच नाही, आणि मला विचारायचं सुचलं नाही.

काकांचा बहुतेक वेळ सिलिकॉन खरवडण्यात गेला, कारण ते पुसटसं जरी राहिलं तर यूरेथेन धरत नाही. मग गंज घासला, प्रायमर लावला, दुसरी काच यूरेथेनने बसवली, गाडी रात्रभर ठेवून घेतली. बिलावर मेक, छापावरचा नंबर आणि यूरेथेनचं नाव मी न सांगता लिहिलं.

उतरवलेल्या काचेचे मी सगळ्या बाजूंनी फोटो काढले आणि विचारलं, "आता हिचं काय करायचं?" काकांनी हातोडी उचलली आणि बरोबर मधोमध घाव घातला. जाळं पसरलं, पण आतल्या पडद्याने एकही तुकडा सोडला नाही. त्यांनी आणखी चार घाव घातले. "आता कुणी 'कंपनीचा पीस' म्हणून विकणार नाही," म्हणाले आणि हात पुसायला फडकं शोधू लागले.