फोटोवरून पेन अँड वॉश : पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत वापरून पाहिल्यावर

आधी निकाल सांगते, मग तपशील. फोटो समोर ठेवून पेन अँड वॉश शिकता येतं, आणि नेमाने केलं तर हात खरंच बसतो. पण फोटोवर भरवसा रेषेपुरता ठेवावा. रंगाचा पातळ हात मारायची वेळ आली की फोन पालथा घालावा आणि आपण डोळ्यांनी काय पाहिलंय त्यावर जावं. आपल्या किनाऱ्यावर तर हे फारच खरं आहे. जांभा, पावसाळी हिरवाई आणि मळभ या तिन्ही गोष्टी फोनचा कॅमेरा हमखास वेगळ्याच दाखवतो.

मी रत्नागिरीत राहते. नोकरीवरून घरी पोचेपर्यंत दिवेलागण होते, त्यामुळे जागेवर बसून चित्र काढणं फार तर रविवारी. बाकीचे दिवस फोनमधले फोटोच. ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी : आधी पाण्यात न विरघळणाऱ्या शाईने रेखाटन करायचं आणि ते वाळलं की वर जलरंगाचे एकदोन पातळ हात, म्हणजेच वॉश, द्यायचे. रेम्ब्राँ सतराव्या शतकात बोरू आणि तपकिरी शाईने अशीच रेखाटनं करत होता, तेव्हा यात नवं काही नाही. नवा आहे तो फोन.

सामानाकडे वळते. शाई पिगमेंटची, म्हणजे पाण्यात न विरघळणाऱ्या रंगकणांची हवी, ही अट टाळता येत नाही. ‘फाइनलायनर’ म्हणून मिळणारं प्रत्येक पेन तसं नसतं. घरी आणल्यावर चार रेघा मारा, थांबा, ओला ब्रश फिरवा. जांभळट ओघळ आला तर ते पेन हिशेबाच्या वहीला ठेवा. मी सगळ्यात जास्त वापरलं ते साकुरा पिग्मा मायक्रॉन. त्याचे आकडे आधी समजून घ्यावे लागतात : ०१ म्हणजे ०.२५ मिमी, ०३ म्हणजे ०.३५, ०५ म्हणजे ०.४५ आणि ०८ म्हणजे ०.५० मिमी. नवशिके बहुतेक ०१ घेतात, कारण बारीक रेषा सुबक दिसते. माझं मत उलट आहे. पहिलं पेन ०५ घ्या. एक तर खरखरीत कागदावर कुठल्याही कंपनीचं बारीक टोक लवकर झिजतं. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं : जाड पेनाने सगळं काढताच येत नाही, त्यामुळे काय गाळायचं हे ठरवावंच लागतं.

ज्यांच्याकडे फाउंटन पेन आहे त्यांनी ते जरूर वापरावं, फक्त शाई फाउंटन पेनासाठीच बनवलेली पिगमेंटची असावी. वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक त्यात भरू नका. अशा बऱ्याच शायांमध्ये लाख असते, ती आत वाळली की पेन कायमचं बसतं. ती शाई टाकासाठी.

आता कागद. पैसे घालायचे असतील तर इथेच घाला, रंगात नव्हे. ३०० जीएसएमच्या (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) खाली वॉश मारण्यात अर्थ नाही, कागद पापडासारखा वळतो. ३०० जीएसएममध्येही दोन जाती असतात, लाकडाच्या लगद्याचा आणि शंभर टक्के कॉटनचा. कॉटन कितीतरी महाग पडतो. सरावाला लगद्याचा पुरतो, पण एक तरी छोटं कॉटन पॅड जवळ ठेवा, कारण वॉश सावकाश पसरणं काय असतं ते त्याशिवाय कळत नाही. पृष्ठभाग हॉट प्रेस, म्हणजे गुळगुळीत असेल तर पेन सुरेख चालतं आणि रंग जरा हट्टी वागतो. कोल्ड प्रेसवर, म्हणजे खरखरीत कागदावर रंग छान बसतो आणि रेषा थोडी तुटक येते. मला ती तुटक रेषाच आवडते. चिऱ्याचा (जांभ्याच्या घडीव दगडाचा) गडगा काढताना ती आपसूक खडबडीत होते, वेगळी कारागिरी करावी लागत नाही.

रंग पाचच ठेवले आहेत : अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, यलो ऑकर, क्रिमसन आणि लेमन यलो. तयार काळा आणि तयार हिरवा नाही. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून जो राखाडी होतो, तो आपल्याकडच्या पावसाळ्यासाठीच बनवला आहे असं वाटावं इतका बरोबर बसतो. ढग, ओला कातळ, भाट्याच्या खाडीचं जुलैतलं पाणी, सगळं त्यातून निघतं. फक्त कधी निळं जास्त, कधी तांबडं जास्त.

फोटोबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं.

फोनचा नेहमीचा कॅमेरा रुंद कोनाचा असतो. जवळ जाऊन फोटो काढला की पुढची वस्तू फुगते आणि मागची आक्रसते. मिरकरवाडा बंदरात ओढून ठेवलेल्या एका होडीचा फोटो मी अगदी समोरून काढला होता. तिथल्याच एका काकांना तो दाखवला, तर ते लगेच म्हणाले, “ताई, यात नाळ केवढी मोठी आलीय बघा. होडी अशी नाय. लांबून काढा.” (नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक.) मग त्यांच्या सांगण्याप्रमाणे बरंच मागे जाऊन, दुप्पट झूम करून पुन्हा फोटो काढला आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहिले. दुसऱ्या फोटोतली होडी तीच होडी होती. उंच इमारतींचंही तसंच. १९१० सालचा थिबा राजवाडा मान वर करून टिपला की भिंती वर जाताना आत झुकतात, आणि डोळे मिटून फोटो गिरवणारा त्या तशाच झुकवतो. माडांच्या आगरात तर कडेचे सगळे माड मधल्या बाजूला कललेले दिसतात. तेव्हा लांबून, फोन सरळ धरून काढलेला फोटो रेषेसाठी उत्तम. आकार, प्रमाण, छपराचा उतार, सावली कुठे पडली, हे सगळं त्यातून निवांत शिकता येतं. जागेवर ही निवांतपणाची चैन नसते, ढग सरकतो आणि सावली गेली.

रंगाचा मात्र विषय सोडा. पडवीच्या आतला अंधार फोटोत काळाकुट्ट येतो. प्रत्यक्षात त्यात अंगणातल्या मातीचा तांबूस उजेड परतलेला असतो, आत टांगलेलं इरलंसुद्धा दिसत असतं. आकाश पांढरंफटक येतं. भाताचा तरवा, म्हणजे कोवळी रोपं, तर फोन असा पोपटी करतो की बघवत नाही. यावर मी एक उपाय करते आणि तो मनापासून सुचवते : एकाच जागेचे दोन फोटो काढायचे, एकदा स्क्रीनवर आकाशाला बोट लावून आणि एकदा सावलीला. आणि तिथेच, उभ्याउभ्या, वहीत दोन ओळी लिहायच्या. ‘भिंत उन्हात भाजलेल्या विटेची, सावलीत जांभळट. कौलांवर शेवाळ, खालच्या तीन ओळी काळ्या.’ घरी रंगवताना फोटोपेक्षा या ओळी जास्त कामी येतात. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटला स्मरणचित्राचा पेपर असायचा, त्याची किंमत मला आता कळते आहे.

घरी बसल्यावर पहिलं काम म्हणजे फोटो कृष्णधवल करून बघणं. मग डोळे किलकिले करून त्याचे तीनच भाग पाडायचे : कागदाचा पांढरा, मधला आणि गडद. बोटभर उंचीच्या चौकटीत हे तीन भाग पेन्सिलीने मांडून झाले की चित्र निम्मं झालं. जलरंगात उजेड वरून लावायचा नसतो, सुरुवातीपासून राखायचा असतो. सावंतवाडीत जन्मलेल्या सावळाराम हळदणकरांचं (१८८२–१९६८) दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे आणि ते जलरंगातलं आहे. त्याची छापील प्रत जरी समोर ठेवली, तरी गडदाच्या आधाराने उजेड कसा उभा राहतो ते दिसतं.

जांभ्याची भिंत मी कशी काढते ते सांगते, कारण कोकणातल्या चित्रात ती कुठेतरी येतेच. सगळे चिरे आखायचे नाहीत. कोपऱ्यावरचे चारपाच चिरे, दाराच्या चौकटीलगतचे दोनतीन, बास. त्यांच्या सांध्याची रेषा मध्येच सोडायची, पुढे पुन्हा धरायची. भोकांसाठी ठिपके, तेही सावलीच्या बाजूला दाट आणि उन्हाच्या बाजूला जवळजवळ नाहीतच. शाई वाळली की बर्न्ट सिएनात क्रिमसनचा जेमतेम थेंब घालून पूर्ण भिंतीवर एक हात. तो ओला असतानाच वरच्या कडेला अल्ट्रामरीन सोडायचा, तो आपोआप खाली उतरतो आणि पावसाने काळवंडलेला जुना चिरा तयार होतो. नवा चिरा असेल तर अल्ट्रामरीनऐवजी यलो ऑकर. कौलांचंही हेच. पागोळ्या पडतात त्या कडेची कौलं नीट काढायची, आढ्यापाशी थोडी, मधलं पाखं वॉशवर सोडून द्यायचं.

हवेचा त्रास खरा आहे आणि मुंबई-पुण्याच्या लोकांनी लिहिलेल्या अनुभवांत तो सापडत नाही. जून ते सप्टेंबर कागद वाळत नाही. शाईवर ब्रश फिरवण्याआधी चहा करून, पिऊन यावं. पहिला वॉश सुकला का हे डोळ्यांना कळत नाही. हाताची मागची बाजू हलकेच टेकवून बघा, कागद गार लागला तर तो अजून ओला आहे. त्यावर दुसरा हात दिला की फुलकोबीसारखे डाग उमटणारच. दमट हवेत कागदाचं सायझिंगही (पाणी लगेच शोषू न देणारी खळ) उतरतं, मग रंग टीपकागदावर पडावा तसा जागच्या जागी शोषला जातो. एका दुकानातून घेतलेलं सीलबंद पॅड मला असंच निघालं, आणि बदलून मिळालं नाही. तेव्हापासून पॅड आणताना वरचं एक पान तिथेच ओलं करून बघू द्या, असं मी आधी विचारते. घरी कागद घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून. रंगाची पेटी वापरून झाली की वाऱ्यावर उघडी ठेवायची आणि मगच मिटायची, नाहीतर वड्यांवर बुरशी धरते. डिसेंबर-जानेवारीत यातलं काही करावं लागत नाही. एकावर एक हात देण्याचा सराव तेव्हाच करावा, आणि ओल्यावर ओला रंग सोडण्याचा पावसाळ्यात.

दुसऱ्यांचे फोटो वापरायचे तर एवढं पाळा. विकिमीडिया कॉमन्स या खुल्या फोटोंच्या ऑनलाइन संग्रहात प्रत्येक फोटोखाली परवाना लिहिलेला असतो. पुष्कळ ठिकाणी छायाचित्रकाराचं नाव देणं आणि आपलं काम त्याच अटींवर खुलं ठेवणं बंधनकारक असतं. घरच्या वहीत सराव करताना कोणी विचारत नाही, पण चित्र विकायचं किंवा प्रदर्शनात मांडायचं असेल तर परवान्याच्या अटी पाळायलाच हव्यात, आणि खुला परवाना नसेल तर परवानगी घ्यायलाच हवी. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आलेले फोटो मी मुळीच घेत नाही. कोणाचा आहे ते कळत नाही, आणि पाठवताना फाइल दाबून दाबून लहान केल्यामुळे सावलीतला तपशील उडालेला असतो. त्याहून मोठी अडचण अशी की ती जागा आपण पाहिलेलीच नसते, मग रंगासाठी जायचं कुणाकडे?

नवीन सुरू करणाऱ्यांनी किनाऱ्यावर राहत असाल तर १ जून ते ३१ जुलैची मासेमारीबंदी हेरून ठेवा. होड्या वर ओढलेल्या असतात, दोन महिने जागच्या हलत नाहीत. उघडीप मिळेल तेव्हा जाऊन एक होडी समोर बसून काढा, तिचाच लांबून फोटो घ्या आणि रात्री त्यावरून पुन्हा काढा. एक ०५चं पेन, ए-फाइव्ह मापाचं पॅड, आठ नंबरचा गोल सिंथेटिक ब्रश आणि वरचे पाच रंग एवढ्यावर हे होतं. वॉटर ब्रश (दांड्यातच पाणी भरायचा) सोयीचा आहे, पण मोठा वॉश त्याने एकसारखा येत नाही, तो नंतर घेतला तरी चालेल.